अण्णांच्या पेनाची निब

"निब खरखरतेय गं, बदलून दे," म्हणत माझ्या वडिलांनी, अण्णांनी, त्यांचं स्वस्तातलं शाईचं पेन पुन्हा माझ्यापुढे धरलं. मी फडक्याने निब ओढून काढली, नवी दाबून बसवली, कागदावर रेघ मारून पाहिली. गुळगुळीत आली. अण्णांच्या हातात मात्र पुढची रेघ थरथरली.

"हीसुद्धा तसलीच. हल्ली चांगल्या निबा मिळतच नाहीत."

मी मान डोलावली. डबीत काढून ठेवलेल्या निबांमध्ये एकही खराब नाही. पण जे बदलता येतं, तेच माणूस बदलत बसतो. नव्या संपल्या होत्या, म्हणून डबीतलीच एक धुऊन बसवली.

अण्णांनी लिहून पाहिलं नाही. माझ्या शाईच्या बोटांकडे बघत म्हणाले, "किती माखलीस! राहू दे आता."

पेन मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं.