न प्यालेले पाणी

कापसाच्या भरल्या गाडीवरून पडून आईचे ओटीपोटाखालचे हाड मोडले, त्यावर धातूची पट्टी बसली, या गोष्टीला वर्ष झाले होते. जांघेतली जखम मात्र अजून पाझरत होती आणि तिचा आंबूस वास उदबत्तीलाही हटत नव्हता. जंतू मांसातच असतील तर औषधे पुरणार होती. हाडात शिरले असतील तर पट्टी काढून हाड खरवडावे लागणार होते. एक्स-रे यावर गप्प होता. म्हणून कापसाला भाव नसलेल्या त्या वर्षांतल्या एका सकाळी आम्ही मारेगावहून नागपूर गाठले.

तिथल्या तपासणी केंद्रात तंत्रज्ञाने तिच्या शिरेत किरणोत्सारी औषध सोडले. ते धुमसत्या हाडात गोळा होते, एक कॅमेरा ते टिपतो, त्याच टेबलावर सीटी होते. दोन्ही चित्रे एकमेकांवर ठेवली की धग नेमकी कशात आहे ते कळते, असे त्याने मला सांगितले. "तीन तास भरपूर पाणी पाजा. लघवीला जाऊन येऊ द्या."

मी बाटली भरून दिली आणि जुन्या एक्स-रेच्या फिल्मा आणायला नोंदणीच्या खिडकीशी गेले. परतले तर बाटली रिकामी.

"पेली ना, बाई," आई म्हणाली. कोपऱ्यातल्या कुंडीची ओली माती मला नंतर दिसली.

पहिले चित्र उमटले आणि तंत्रज्ञाने कपाळाला हात लावला. तीन तासांचे औषध मूत्राशयात साचून दिव्यासारखे जळत होते. त्याआडचे हाड दिसेना.

"काहून गेली नाही तू?" मी आईला विचारले.

"बाहेर गडीमाणसं बसून राह्यली. त्यांच्यासमोरून जाऊ?"

माझा संताप ओसरला. वेचणीच्या दिवसांत बायका उजाडल्यापासून संध्याकाळी कापसाचा काटा होईपर्यंत पाण्याला शिवत नसत. पाने झडलेल्या पऱ्हाटीच्या झाडांत बसायला आडोसा नसतो आणि शेताच्या धुऱ्यावर मालक उभा असतो. मला प्रथम शेतात नेताना आईने हेच शिकवले होते. मी पेल्यामागून पेला तिच्या हाती दिला, प्रत्येक घोट मोजला आणि तिला संडासाच्या दारापर्यंत पोचवले.

"पोलिसावाणी मांगं नको येऊ," ती म्हणाली.

दुसऱ्या चित्रात केशरी ठिपका स्वच्छ होता. डॉक्टरांनी त्यावर बोट ठेवले. "हाडातच आहे. याच आठवड्यात पट्टी काढू."

आईने ऑपरेशनचे काही विचारले नाही. "वॉर्डात बायाच असतीन ना?" एवढेच विचारले.

मी बाटली पुन्हा भरून तिच्यापुढे धरली. माझ्याकडे रोखून पाहत तिने एक घोट घेतला. एकच.