उखाची मिशी आणि पुलाची भोकं

उखाचा बाप गेला, ही बातमी सुरतेतल्या गोडादऱ्याच्या गल्लीत नळाला पाणी यायच्या आधीच पोचली होती. त्यात नवल नाही. त्या गल्लीत पाणी उशिरा यायचं, बातमी कधी उशिरा आल्याचं कुणाला आठवत नाही.

बातमीची मालकी सरलाबाईंकडे. सत्त्याण्णवच्या वैशाखातली सकाळ, त्या रिकामा हंडा घेऊन नळावर उभ्या, आणि समोरून उखा आला. डोळे लाल, चेहरा मातीचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि नाकाखाली काही म्हणजे काहीच नाही. काल सकाळपर्यंत जिथे दोन्ही टोकांवर लिंबू तोलता येईल अशी मिशी होती, तिथे गोरापान पट्टा. रात्रभर हा घरी नव्हता, हेही सरलाबाईंना ठाऊक, कारण दोन घरांत भिंत एकच आणि ती विटेची कमी, कानाची जास्त. त्यांनी जुळवाजुळव केली. संध्याकाळी भुसावळकडची गाडी, रात्री गावी अग्नी, पहाटे परत. टॉवेलाखाली डोकंही भादरलेलंच असणार.

"म्हातारा गेला गं," त्या शेजारच्या मंदाला म्हणाल्या. "आपल्या खान्देशात मिशी हौसेने काढतात का कुणी?"

एका रात्रीत माणूस जाऊन, जाळून परत कसा येईल, हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचा कडू घास जातो, एवढं सगळ्यांना कळत होतं. भराभर पिठलं ढवळलं गेलं, भाकरी थापल्या गेल्या. परात सरलाबाईंच्या डोक्यावर, मागे पदर डोळ्यांना लावलेल्या चार बायका. उखाच्या दाराशी पोचल्यावर सरलाबाईंनी पहिला सूर लावला आणि बाकीच्यांनी उचलला.

दार उघडलं ते खुद्द मयताने.

उखाचा बाप, म्हणजे आप्पा, धोतर सावरत उंबऱ्यात उभे. आदल्या संध्याकाळच्या गाडीने ते सुरतेत उतरले होते, उखा कामावर आणि सरलाबाई भजनाला गेलेल्या असतानाच, आणि छान झोपही झाली होती. "काय व्हयनं वो माय?" ते घाबरून म्हणाले. "कोन गयं?"

सूर मध्येच तुटला. आप्पांची नजर परातीकडे गेली. पिठल्याची वाफ अजून वर येत होती.

"हाई मनासाठी का?"

"तुमच्यासाठीच आणलं, आप्पा," सरलाबाई म्हणाल्या. त्या आठवड्यातलं त्यांचं हे एकमेव खरं वाक्य असावं.

आप्पा मांडी घालून बसले आणि स्वतःचा कडू घास स्वतः खाऊ लागले. वर कांदा मागितला. बायकाही बसल्या, आता उठून जाणं जास्त अवघड होतं.

तर बाप धडधाकट होता. मग मिशी गेली कुठे? हे फक्त उखाला माहीत होतं, आणि उखा त्या वेळी मोरीत होता. मागच्या दाराने घरात शिरताच उषाबाईने त्याला बघितलं, तिच्या हातातलं तांब्या-भांडं पडता पडता राहिलं. "अहो, आप्पा आलेत! असं तोंड घेऊन समोर जाऊ नका," असं म्हणून तिने नवऱ्याला मोरीत ढकललं आणि बाहेरून पडदा ओढला. उखा पालथ्या बादलीवर बसला. बाहेर भाकरी मोडल्याचा आवाज येत होता. जिवंत बापाच्या मुलाने मिशी काढायची म्हणजे बापाला चालता-बोलता सरणावर ठेवायचं. आप्पा तर असे, की गावात कुणी चुकून मिशी बारीक केली तरी त्याच्या ओट्यावर चहा घेत नसत.

आता उखा कोण, हेही सांगायला हवं. अमळनेरकडून पोरवयात सुरतेला आला तो यंत्रमागावर कामाला. धागा तुटला की जोड, पुन्हा तुटला की पुन्हा जोड. महिनाभरात वैतागून म्हणाला, "मला न तुटणारं काहीतरी द्या," आणि पांडेसऱ्यात, कापड रंगवायच्या मिलांच्या मधोमध असलेल्या एका लोखंडकामाच्या शेडमध्ये शिरला. तिथे तो मार्कर झाला. मार्कर म्हणजे लोखंडाचा शिंपी. कापायचं कुठे, भोक पाडायचं कुठे, ते पोलादी पाटावर, म्हणजे जाड पत्र्यावर, आखून, प्रत्येक भोकाच्या जागी हातोडीने ठिपका ठोकणारा माणूस. शिंप्याची चूक उसवता येते. याची येत नाही.

ही विद्या त्याच्या अंगात इतकी भिनली, की तो लग्नाच्या मांडवातही एक डोळा मिटून खांब ओळंब्यात आहे का ते बघायचा. उषाबाईची भाकरी उचलून म्हणायचा, "डावीकडे जरा चपटी आहे." उषाबाई म्हणायची, "मग पुढच्या वेळी ठिपका ठोकून द्या." सरलाबाईंचं दार त्यांच्या देखत तिरकं ठरवलं होतं त्याने. दार खरंच तिरकं होतं, म्हणून तर राग मोठा.

पूल नदीवर बांधतात, असं भोळी माणसं समजतात. उखाला विचाराल तर आजकालचा पूल बनतो शेडमध्ये. पोलादाचे पाट कापायचे, जोडून तुळया करायच्या, अख्खा पूल जमिनीवर आडवा मांडून भोकाला भोक भेटतं का ते बघायचं, मग तुकड्या-तुकड्यांवर रंगाने खुणा करून सगळं सोडवायचं आणि ट्रेलरवर चढवायचं. "शेडमध्ये साखरपुडा, पाण्यावर लग्न," उखा म्हणायचा. आणि लग्नात काही बिघडलं की मुलीकडचे मुलाकडच्यांना बोलतात, तसे शेडवाले आणि साइटवाले. शेडवाले म्हणणार, उचलताना वाकवलं. साइटवाले म्हणणार, भोकंच चुकली.

साइटवाल्यांचा म्होरक्या दत्तू. परभणीकडचा, क्रेनच्या टोळीचा मुकादम, राहायला उखाच्याच गल्लीत, आणि दोस्ती अशी की रोज भांडल्याशिवाय दोघांनाही चहा गोड लागत नसे. खाडीवरच्या नव्या पुलाचा साखरपुडा शेडमध्ये पार पडला, सगळी भोकं जुळली, तेव्हा दत्तू बघायला आला होता.

"घरात सगळेच पैलवान असतात, उख्या," तो म्हणाला. "आमच्याकडं आलं की तुझी भोकं एकमेकांला वळख देत न्हाईत."

"वळख देत नाहीत? मधला तुकडा चढवशील त्या दिवशी, मिलचा दुपारचा भोंगा व्हायच्या आत एकूण एक बोल्ट बसला नाही, तर ही मिशी उतरवीन!"

"अन् बसले तर माझी."

दत्तूची मिशी म्हणजे झुरळाच्या दोन मिशा. पैज बरोबरीची नव्हती, पण बढाईच्या भरात माणूस वजन बघत नाही.

मग तो दिवस आला. दोन्ही काठांकडचे तुकडे आधीच खांबांवर बसलेले, मधला तेवढा शेवटी. पुलाचं काम तपासणारे साहेब त्या दिवशी वडोदऱ्याला गेलेले. क्रेनला सकाळी काहीतरी दुखलं, ते बरं होईपर्यंत ऊन चढलं, आणि मधला तुकडा टेकूवर टेकला तेव्हा भोंगा व्हायला आला होता. उखा वर चढला. एका बाजूचे बोल्ट गेले. दुसऱ्या बाजूला त्याने वरच्या भोकातून खाली बघितलं. खालचं भोक पूर्ण दिसतच नव्हतं. चंद्रकोर दिसत होती.

तेवढ्यात पांडेसऱ्याकडून भोंगा वाजला.

दत्तूच्या पोरांनी आधी टाळ्या पिटल्या, मग सवयीने गॅसचं नळकांडं वर ओढलं. ज्योतीने भोकं जरा मोठी जाळायची, बोल्ट कोंबायचे, वरून रंग. साहेबाला रंग दिसतो. उखाने तुळईवर हात टेकला आणि चटका बसून मागे घेतला. भाकरी भाजून निघाली असती. तेव्हा कुठे त्याचं डोकं चाललं. लोखंड उन्हाने लांबलं होतं! दोन्हीकडचे तुकडे लांबले, मधलाही लांबला, मग तो बसणार कुठे? आपली बढाई आपल्याच अंगावर आली होती. वैशाखात, भर दुपारची वेळ, आणि पैज लावणारा तोच.

"बंद कर ती ज्योत!" तो ओरडला. "सकाळी थंडाव्याला बसेल. ऊन आहे हे."

"पैजंत ऊन नव्हतं, उख्या."

"नव्हतं. हरलो. पण गॅस लावू नको. जाळलेलं भोक म्हणजे किडका दात, दत्तू. आज दिसत नाही. वरून ट्रक जायला लागले की बोल्ट आत हलतो, रोज हलतो."

दत्तूने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. तो मनाने वाईट नव्हता. "हे बघ, तुझा बाप येणार म्हणत होतास ना आज? मिशी राहू दे. पैज इसर. मी चार भोकं जाळून घेतो, बोल्ट मारतो, तू जिंकलास म्हणून सांगतो. तुझी बी राहिली, माझं बी काम झालं. कुणाला कळतंय?"

उखाचा हात नकळत मिशीकडे गेला. तिला एकदा पीळ दिला. मग तो खाली उतरला.

रस्त्याकडेच्या न्हाव्याने विचारलं, "कोण गेलं?" उखा म्हणाला, "कुणी नाही, पैज." न्हाव्याने वस्तरा मिटून ठेवला. बाप जिवंत असताना मी हे पाप करत नाही, म्हणाला. तेव्हा उखाने त्याच्याच वस्तऱ्याने, उभ्या ट्रकच्या आरशात बघून, स्वतःचं स्वतः उरकलं. वर चढून दत्तूला ओठ दाखवला आणि म्हणाला, "घे. आता सकाळपर्यंत त्या भोकाला कुणी हात लावायचा नाही." आणि दत्तूच्या पोरांवर भरवसा नको म्हणून तिथेच मुक्काम ठोकला.

पहाटे लोखंड हाताला गार लागलं. उखाने भोकात पोलादी खुंटी धरली, हातोडीचा एक हलका टोला दिला, आणि ती टण्‌ करून खाली गेली. मागोमाग बोल्ट असे बसत गेले, जसे जावई पहिल्या पंगतीला. वडोदऱ्याहून आलेल्या साहेबांनी पूल बघितला, मग उखाकडे बघून एकदम गंभीर झाले. "अरे, कधी झालं? सुट्टी घ्यायची होती ना."

हे सगळं मोरीत पालथ्या बादलीवर बसून आठवत असताना उखाला बाहेर दत्तूचा आवाज ऐकू आला. "उख्या हाय का?" आणि लगेच बायकांचा गलका. दत्तूच्या नाकाखालीही साफ सपाटी होती.

"अगं बाई, याचाही गेला?" मंदा म्हणाली.

"माझा जाऊन दहा वर्सं झाली," दत्तू म्हणाला. "पैज मी जिंकली, पण बोल्ट बसले त्याचे. मग मी एकट्यानं कशी ठेवायची मिशी तोंडावर?" आणि त्याने परातीशेजारी बैठक मारून, भाकरीचा तुकडा मोडत, ज्योतीपासून टण्‌पर्यंत सगळी हकीकत आप्पांना सांगून टाकली. आपण उखाला काय सुचवलं होतं तेही लपवलं नाही. सरलाबाई जीव कानात आणून ऐकत होत्या. संध्याकाळपर्यंत हीच गोष्ट गल्लीत आठ प्रकारांनी फिरणार होती.

आप्पांचा घास हातातच राहिला. पडद्याकडे वळून ते गरजले, "उखा! भायेर ये!"

पडदा सरकला. उखा बाहेर आला, नाकाखाली वस्तऱ्याची खूण, मान खाली. आप्पांनी त्याच्या ओठाकडे बघितलं आणि त्यांची स्वतःची पांढरी मिशी थरथरायला लागली.

"मी आजून जित्ता शे ना रे! लोखंडना एक भोकसाठे तू बापनी मिशी उतारी?"

उषाबाईने पदर तोंडात धरला. उखाने मान वर केली, एक डोळा मिटून आप्पांच्या मिशीची दोन्ही टोकं सवयीने ओळंब्यात आहेत का ते बघितलं, आणि म्हणाला,

"आप्पा, मिशी महिनाभरमा परत उगस. भोक एकदा मोठं व्हयनं ते परत धाकलं व्हत नही."