फळ्यावरचे बाण

ज्या दिवशी मी ती चूक केली त्या दिवशी मला टाळ्या मिळाल्या होत्या. ती चूक आहे हे कळायला मला पंचवीसहून अधिक वर्षं लागली, त्याला बहुधा त्या टाळ्याच कारण असाव्यात.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागलो होतो. तिथल्या आमच्या मराठी मंडळाची व्याख्यानमाला असे. तीन शनिवार, शाळेचा भाड्याने घेतलेला हॉल, दुपारी तीन वाजता. देश सोडला तरी ओळीने मांडलेल्या खुर्च्यांवर बसून कुणाचं तरी व्याख्यान ऐकल्याशिवाय आपल्या माणसांना मंडळ चालू आहे असं वाटत नाही. आधी वक्ता, मग प्रश्न, मग आभारप्रदर्शन, मग बटाटेवडे. त्या वर्षी वक्ता मी होतो आणि विषय होता महागाई.

त्या काळी मी पक्का भाविक होतो. बाजारात पैसा फार झाला म्हणून महागाई होते, तेव्हा पैशाचा नळ आवळा, व्याजदर चढवा, बाकी सगळं आपोआप जागेवर येईल, असं त्या वेळच्या पंतप्रधानबाई सांगत होत्या आणि मला ते गणितासारखं स्वच्छ वाटत होतं. मी फळ्यावर लिहिलं, ‘व्याजदर वर’. तिथून एक बाण, ‘पौंड महाग’. पुढे बाण, ‘परदेशी गिऱ्हाईक कमी’. पुढे बाण, ‘अशक्त कारखाने बंद’. पण लोकांचे चेहरे कोरे होते. काहीतरी घरगुती उदाहरण हवं, असं मला वाटलं.

पहिल्या रांगेत काका बसले होते. सगळे त्यांना काकाच म्हणत. ते होजिअरीच्या कारखान्यात विणकामाची यंत्रं दुरुस्त करत आणि त्याच आठवड्यात तो कारखाना बंद होत असल्याची नोटीस लागली होती. मला हे माहीत होतं. कबूल करायला सगळ्यात जड जातं ते हेच. माहीत होतं म्हणूनच मी त्यांच्याकडे बोट केलं.

“आपल्या काकांचाच कारखाना घ्या,” मी म्हणालो. “माझी घरमालकीण दर वर्षी गुलाबाची छाटणी करते. वाळकी फांदी कापली की झाड जोमाने वाढतं. काकांचा कारखाना ही तशी वाळकी फांदी आहे. कापताना वाईट वाटतं, पण झाडासाठी ते चांगलंच.”

लोकांना पटकन समजलं. टाळ्या पडल्या. आभार मानायची पाळी काकांची होती. ते उठले, कोटाचं बटण लावलं आणि म्हणाले, “आजच्या वक्त्यांनी कडू औषध गोड करून पाजलं, त्याबद्दल मंडळ त्यांचं ऋणी आहे.” पुन्हा टाळ्या.

हॉल आणि किचन यांच्यामध्ये एक खिडकी होती. तिला पत्र्याचं शटर होतं. आत काकांच्या पत्नी, काकू, वडे तळत होत्या. टाळ्या थांबायच्या आत ते शटर खाडकन खाली आलं. शटर बिघडलं असेल असं समजून कुणीतरी दारातून परात बाहेर आणली. काकू बाहेर आल्या नाहीत. त्या दिवसानंतर त्या वर्षानुवर्षं मंडळात आल्या नाहीत आणि पुढच्या महिन्यापासून मंडळात बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानातले समोसे यायला लागले. ते आजपर्यंत येत आहेत. वडे का थांबले, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

ज्या आकड्यावर मी शपथा घेत होतो, म्हणजे बाजारातल्या पैशाची वाढ अमुक टक्क्यांतच ठेवायची हा नेम, तो सरकारने काही वर्षांत गुपचूप सोडून दिला. तो मोजताही येईना आणि आवरताही येईना. पण सोडताना कुणी माफी मागितली नाही. बंद पडलेले कारखाने बंदच राहिले. माझ्या वर्गात मी तो धडा ‘सिद्धांत’ या मथळ्याखालून काढून ‘इतिहास’ या मथळ्याखाली घातला, नोट्सचा कागद तोच ठेवला आणि पगार घेत राहिलो. पुढे दुसऱ्या पक्षाचं सरकार आलं. मला वाटलं, आता काहीतरी उलटं होईल. काही उलटं झालं नाही. बाईंनी विकलेले सरकारी उद्योग विकलेलेच राहिले. नव्या मंत्र्यांनी व्याजदर ठरवण्याचं काम मध्यवर्ती बँकेतल्या समितीला देऊन टाकलं आणि आता चढउतार संपले म्हणून पाठ थोपटून घेतली. बोलण्याची ढब बदलली, मंत्र तेच राहिले. स्टाफरूममध्ये जो तो आपल्या घराची किंमत सांगत असे. मी चिडचिड करायचो आणि स्वतःच्या घराची किंमत मनात मोजायचो.

मग दोन हजार आठचा शरद आला आणि बँका कोसळल्या. ज्या सरकारांनी कारखान्यांना सांगितलं होतं की बाजार जे करेल ते बरोबर, त्यांच्याच वारसांनी एका शनिवार-रविवारात बँका पदराखाली घेतल्या. ही वाळकी फांदी मात्र कुणी कापली नाही. तिला सलाईन लावलं. मी स्वयंपाकघरात रेडिओवर ओरडलो. बायको म्हणाली, “रेडिओला ऐकू जात नाही.”

त्याच आठवड्यात मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला. पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामासाठी आलेला, उत्साही मुलगा.

“सर, यंदाच्या व्याख्यानमालेत तुम्ही हवेच. क्रेडिट क्रंच, म्हणजे हे बँकांचं संकट, मराठीत. पण जरा हलकंफुलकं ठेवा हं.”

“हलकंफुलकं?”

“म्हणजे ग्राफ नकोत. आणि शेवटी मॉर्गेजचा व्याजदर फिक्स करायचा की बँकेच्या दराबरोबर हलणारा ट्रॅकर घ्यायचा, तेवढं सांगा. सगळ्यांना तेच हवंय.”

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मला एकदम फळा आठवला, बाण आठवले आणि काकांचं कोटाचं बटण. त्या हॉलमध्ये पुन्हा उभं राहायचं तर आधी काकांची माफी मागायला हवी, असं मी ठरवलं.

काकांचं घर पूर्वी कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेचं भाड्याचं घर होतं. बाईंच्या काळात भाडेकरूंना घरं विकायला काढली, तेव्हा त्यांनी ते विकत घेतलं आणि पहिलं काम केलं ते पुढचं दार बदलण्याचं. सगळ्या गल्लीत हिरवी दारं, त्यांचं एकट्याचं तपकिरी. कारखाना गेल्यावर ते वर्षभर घरी होते, मग निवृत्त होईपर्यंत हॉस्पिटलात पेशंटना ने-आण करणाऱ्या पोर्टरचं काम केलं. आता सत्तरीला टेकले होते.

“या, प्राध्यापक,” ते म्हणाले. “आज इकडे कसा रस्ता चुकलास?”

“काका, मला तुमची माफी मागायची आहे.”

“कशाबद्दल? मागच्या गणपतीत पाऊण तास बोललास त्याबद्दल? ती सगळ्या मंडळाची माग.”

मी त्यांना त्या जुन्या व्याख्यानाची आठवण करून दिली. त्यांना आठवत होतं, पण त्यांनी हात झटकला. “अरे, तू काय पंतप्रधान होतास? आणि मी त्याच बाईंना मत दिलंय. दोनदा. हे घर कुणामुळे झालं?”

“काका, तुमची नोकरी गेली त्यांच्यामुळे!”

“नोकरी गेली, घर आलं. तू फक्त नोकरीचं बोलतोस.”

मला राग आला. मी माफी मागायला आलो होतो आणि समोरचा माणूस माझा अपराधच मान्य करायला तयार नव्हता. मग मी त्यांना समजावायला लागलो. व्याजदर, पौंड, विकलेल्या घरांऐवजी नवी घरं न बांधल्यामुळे आज तरुणांना घर का मिळत नाही, मोकाट सोडलेल्या बँका. मी सोफ्याच्या कडेवर येऊन हातवारे करत होतो. काका ‘हं, हं’ करत टीव्हीच्या रिमोटकडे बघत होते.

आतून काकूंचा आवाज आला. “यांचं व्याख्यान अजून संपलं नाही वाटतं.”

त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मागच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन दिसत होतं. कारखाना बंद झाल्यावर कितीतरी वर्षं त्या तिथे बसून नगावर कपडे शिवत, हे मला माहीत होतं.

“तुम्ही यांची माफी मागताय,” त्या म्हणाल्या. “यांना काही लागलंच नव्हतं. हे तर उठून आभार मानायला गेले.”

“आभाराच्या यादीत माझं नाव होतं,” काका म्हणाले. “काय करणार?”

“तुम्ही गप्प बसा. अहो, त्या कारखान्यात मी नव्हते का? अकरा वर्षं स्वेटरला कॉलर जोडत होते. यांच्याआधी मला नोटीस मिळाली. तुम्ही म्हणालात, काकांचा कारखाना. माझा नव्हता?”

मला ते माहीत होतं. सकाळच्या बसला मी त्यांना कोटाखाली निळा ओव्हरऑल घातलेलं अनेकदा पाहिलं होतं. पण उदाहरण सोपं व्हायला घरात एकच कमावता लागतो, म्हणून मी दुसरा पुसून टाकला होता.

“आणि वाळकी फांदी?” काकू थांबायला तयार नव्हत्या. “त्याच्या आदल्या महिन्यापर्यंत आम्ही ओव्हरटाइम करत होतो. माल चांगला होता. पौंड चढला आणि जर्मनीच्या गिऱ्हाईकाला आमचा स्वेटर परवडेना. हे तुम्हीच फळ्यावर लिहिलं होतं की. मी खिडकीतून वाचत होते. बाण बाण काढून लिहिलंत की चांगलं चाललेलं कसं बंद पाडतात आणि मग म्हणालात, वाळलेलं होतं.”

इतकी वर्षं शेकडो विद्यार्थ्यांच्या पेपरांवर मी लाल शेरे मारले होते, आणि माझ्या तीन बाणांतली ही चूक वडे तळता तळता काकूंनी पकडली होती. पहिले दोन बाण खरे होते. तिसरा मी माझ्या सोयीने काढला होता.

“काकू, माझं चुकलं,” मी म्हणालो.

“इथे बैठकीत बोलून काय उपयोग? तेव्हा हॉल भरलेला होता.” एवढं म्हणून त्या आत गेल्या. मशीन सुरू झालं.

दारापर्यंत सोडायला आलेले काका पुटपुटले, “ती यायची नाही. पण तू बोल.”

व्याख्यानाच्या शनिवारी हॉल तोच होता. फळ्याच्या जागी पांढरा बोर्ड आला होता. पहिल्या रांगेत काका, मागे मॉर्गेजच्या फायली घेऊन बसलेले सॉफ्टवेअरवाले. सेक्रेटरी मुलाने माझी ओळख करून दिली आणि कानात म्हणाला, “सर, समोसे गार होतील. चाळीस मिनिटांत आवरा.” तेवढ्यात किचनचं शटर करकरत वर गेलं. काकू कार्डिगन घालून, हाताची घडी घालून आत उभ्या होत्या. त्या हॉलमध्ये आल्या नव्हत्या. जिथून गेल्या होत्या तिथेच परत आल्या होत्या.

मी बोर्डवर काहीच लिहिलं नाही. सुरुवातीला जीभ सवयीने ‘त्या काळची एकूण आर्थिक परिस्थिती पाहता’ असं म्हणाली. काकूंनी मान बाजूला वळवली. मी थांबलो, पाणी प्यायलो आणि मॉर्गेजच्या फायलींकडे न बघता खिडकीकडे बघून पुन्हा सुरुवात केली.

“बँकांबद्दल मी नंतर बोलतो. आधी एक जुनी गोष्ट. याच हॉलमध्ये मी एका चालत्या कारखान्याला वाळकी फांदी म्हणालो होतो. तो वाळलेला नव्हता. तो बंद पाडला गेला होता आणि मला ते दिसत होतं. तिथे काकू अकरा वर्षं काम करत होत्या. मी त्यांचं नावही घेतलं नाही आणि त्यांच्या देखत त्यांची नोकरी जाणं चांगलं आहे असं सांगून टाळ्या घेतल्या. काकू, माझं चुकलं. मी तुमची माफी मागतो.”