स्वतःचं एक वाक्य

मी नागपुरात जर्मन शिकवते. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "इथं कोणाले पाहिजे बाप्पा जर्मन?" पाहिजे असते. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुली नर्स आहेत. तिकडच्या दवाखान्यांना माणसं हवीत, इकडच्या मुलींना नोकरी हवी, आणि दोघांच्या मध्ये एक परीक्षा आडवी पडलेली आहे. मुलींना त्या परीक्षेच्या पल्याड ढकलणं हा माझा धंदा.

मुली हुशार, कष्टाळू, आणि सगळं पाठ करणाऱ्या. शाळेपासून तेच केलंय, त्यांचा तरी काय दोष? एकीनं तोंडी परीक्षेत स्वतःची ओळख अशी खणखणीत करून दिली की परीक्षक खूश. जन्म सावनेरचा, वडील कोळसा खाणीत, पाठीवर दोन भाऊ. पोरगी होती उमरेडची. वडील शिवणकाम करायचे, आणि भाऊ एकही नाही. मैत्रिणीची ओळख जशीच्या तशी पाठ केली होती. परीक्षकानं सहज विचारलं, सावनेर कसं आहे? तिनं सावनेर बापजन्मी पाहिलं नव्हतं. बाहेर येऊन वर मलाच म्हणते, "मॅडम, हा प्रश्न तर आपल्याले सांगितलाच नव्हता!" मी कपाळाला हात लावला.

तेव्हापासून वर्गात माझा एकच नियम. घरी जायच्या आधी प्रत्येकीनं स्वतःचं एक वाक्य बोलायचं. पुस्तकातलं नको, शेजारणीचं नको. मोडकंतोडकं चालेल, पण आपलं पाहिजे. मुली याला जाम घाबरतात. पन्नास ओळींचा संवाद धडाधड म्हणतील, आणि "आज डब्यात काय आणलं?" म्हटलं की गप्प.

गेल्या हिवाळ्यात आमच्या क्लासच्या संचालकांनी आम्हा शिक्षकांना एका कार्यशाळेला धाडलं. मेंदूचं संशोधन आणि परकी भाषा शिकवणं, असा विषय होता. मी कार्यशाळांना चहासाठी जाते, पण त्या दिवशीचा वक्ता बरा निघाला. त्यानं सांगितलं की घाबरलेल्या डोक्यात शब्द शिरत नाही. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहिलं तर जास्त टिकतं. एका बैठकीत शंभरदा घोकण्यापेक्षा मध्ये दिवस जाऊ देऊन आठवावं. झोप झाली की शिकलेलं पक्कं होतं. आणि शेवटी तो म्हणाला की पाढे, प्रार्थना, गाणी, शिव्या ज्या वाटेनं तोंडात येतात, ती वाट वेगळी दिसते. नवीन वाक्य जुळवायचं काम मेंदू दुसरीकडे करतो. हे ऐकून मला फार बरं वाटलं. मी इतकी वर्षं मुलींच्या मागे उगाच लागले नव्हते तर!

संचालकांनी यातलं आपल्या सोयीचं तेवढं उचललं. दारावर 'मेंदू-आधारित जर्मन' अशी पाटी आली, भिंतीवर अर्धा लाल अर्धा निळा मेंदू आला, आणि वर्गात मंद बासरी सुरू झाली. रात्रपाळी करून आलेल्या निम्म्या मुली बासरी ऐकून बाकावर डोकं ठेवून झोपल्या. झोपेत शिकलेलं पक्कं होतं हे खरं, पण त्याआधी काही शिकावं लागतं ना! दुसऱ्या आठवड्यात मी बासरीची वायर काढून ठेवली.

उन्हाळा लागता लागता माझ्या आईला लकवा मारला.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. निवृत्त झाल्यावर, वडील गेल्यावरही, आमच्या गावी, खाप्याच्या घरात एकटी राहायची आणि कोणाचं ऐकायची नाही. तिनं पिढ्यान्पिढ्या पोरांकडून पाढे आणि बाराखडी एका सुरात म्हणून घेतली. त्यावरून आमच्या दोघींचं नेहमी वाजायचं. मी म्हणायची घोकंपट्टी, ती म्हणायची, "पाठ असलं की माणूस कधी उपाशी नाही मरत." दोघीही आपापल्या जागी ठाम.

दवाखान्यात डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडावर धरला आणि डाव्या बाजूच्या एका डागावर पेन टेकवलं. बोलण्याची जागा हीच, म्हणाले. मला माहीत होतं. आमच्या वर्गाच्या भिंतीवर तो भाग निळा होता. जिवावरचं टळलं, उजवा हात लुळा पडला, पाय थोडा ओढायचा राहिला, आणि बोलणं गेलं. तिला समजत सगळं होतं. तोंडातून मात्र एकच यायचं, "ते... ते... ते." पाणी पाहिजे असलं तरी ते, पंखा बंद करायचा असला तरी ते. आपण भलतंच आणून दिलं की डावा हात आपटायची.

मी तिला नागपुरात, वाडी भागातल्या माझ्या फ्लॅटवर आणलं. घरात आम्ही दोघीच. मी शिकवायला गेले की समोरच्या काकू तिच्याजवळ बसायच्या आणि दोघींच्या वाटणीचं एकट्या बोलायच्या. खाली अमरावती रोडवर दिवसभर ट्रकांचे भोंगे, घरात काकू. आईला गप्प बसायला याहून चांगली जागा मिळाली नसती.

एका सकाळी मी तिचा हात चोळत सहज एक, दोन, तीन मोजत होते, तर चारपासून आई माझ्याबरोबर सुरू झाली. वीसपर्यंत गेली. मी बेचा पाढा धरला, तिनं तो संपवून तिनाचा स्वतःच उचलला. आनंदानं मला वेड लागायची पाळी आली. मग मी विचारलं, "आई, चहा पाहिजे का पाणी?" तर म्हणे, "ते... ते."

रविवारी विहारात नेलं तेव्हा तर कमालच झाली. वंदना सुरू झाली आणि आईचा आवाज सगळ्यांच्या वर. सगळी पाली वंदना, एक शब्द चुकला नाही. बाया मागं वळून पाहायला लागल्या. बाहेर पडताना एकजण म्हणाली, "बाई तर मस्त बोलून राहिल्या! तुम्ही तर म्हणे वाचा गेली." मी तिला मेंदूच्या दोन वाटा समजावून सांगायला लागले. ती म्हणाली, "असं असं," आणि चप्पल शोधायला गेली. रिक्षात आई घामानं डबडबली होती. पाण्याच्या बाटलीकडे बोट करून "ते, ते" करत होती. जी भाषा ती आयुष्यात कधी कोणाशी बोलली नाही, ती शाबूत. जिच्यात जन्मभर मला रागावली, ती गेली. मला फार राग आला. कोणाचा ते आजही सांगता येणार नाही.

मग मी चंगच बांधला. मला दुसरं काय येतं? शिकवता येतं. आठवड्यातून दोनदा एक तरुण स्पीच थेरपिस्ट घरी यायची, बोलण्याचा सराव करून घ्यायला. ती जे करायची त्याला मी माझं जोडलं. चित्रांची कार्डं केली: गिलास, गोळी, पंखा, खिडकी. सकाळी गिलास विचारायचा, दुपारी पुन्हा, मग दोन दिवस सोडून. चुकलं तरी टोकायचं नाही. अभ्यास झाला की आईला झोपवायचं. शब्द अडला की चालीत म्हणून पाहायचं. परक्या भाषेच्या पहिल्या महिन्यात मी मुलींसाठी जे करते ते सगळं मी माझ्या आईसाठी तिच्याच भाषेत केलं.

आणि शब्द आले की! खोटं काहून बोलू? गिलास आला, गोळी आली, ट्रकसुद्धा आला, कारण तो दिवसभर कानावर होताच. पावसाळा आला तेव्हा कार्डांचा जुडगा चांगला जाडजूड झाला होता. पण कार्ड दाखवलं तर शब्द, नाही तर "ते". दोन शब्द एकमेकांना चिकटायला तयारच नव्हते. तिनं आपणहून, आपल्या मनातलं असं एक वाक्य बोलावं एवढंच मला पाहिजे होतं. चांगलं नको, लांब नको. वर्गातल्या मुलींना हे माहीत होतं. मी आत शिरले की पहिल्या बाकावरून प्रश्न यायचा, "मॅडम, आजी बोलल्या का?" मी नाही म्हणायची आणि पुस्तक उघडायची. मग त्या गुपचूप आपापलं वाक्य तयार करायच्या. त्या दिवसांत एकीनंही कुरकुर केली नाही.

दिवाळीच्या जरा आधी एका दुपारी थेरपिस्ट निघाली. नेहमी दारातून जायची, त्या दिवशी मला जिन्यापर्यंत बोलावलं. "मॅडम, एक सांगू? वाईट नका वाटून घेऊ." मी म्हटलं, सांग. "सुरुवातीचे महिने फार महत्त्वाचे असतात. ते गेले. अजिबात सुधारणा होणार नाही असं मी नाही म्हणत. पण आता जे शब्द आलेत ते टिकवू. वाक्यं येतीलच असं नका धरून चालू." पोरगी चांगली होती, तिलाही सांगताना जड जात होतं. मी म्हटलं, "बरं झालं स्पष्ट सांगितलं." पुढच्या खेपेची वेळ ठरवली, छत्री विसरलीस म्हणून आठवण करून दिली, आणि दार लावलं.

आई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. मी तिच्याकडे न पाहता स्वयंपाकघरात गेले आणि चहा ठेवला. मी रडणारी बाई नाही. वडील गेले तेव्हा आलेल्यांचा चहा मीच पाहिला होता. पण साखरेचा डबा उघडला आणि कुठून कोण जाणे, भडभडून आलं. एका हातानं ओटा धरला, दुसऱ्यानं तोंडावर ओढणी दाबली, आणि रडले. मनात एकच. आता ही मला कधीच काही म्हणणार नाही. शिव्यासुद्धा देणार नाही.

मागं काठी वाजली. आई दाराशी उभी होती, पाय ओढत एकटीच आली होती. माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिचे ओठ हलायला लागले. तहान लागली असेल म्हणून मी सवयीनं गिलासाला हात घातला. तिनं मान हलवली, नाही. मी गिलास खाली ठेवला.

"काहून..." ती म्हणाली. कपाळावर शिरा आल्या. "काहून वं... रडून... राहिली?"

चहा उतू गेला, मी गॅस बंद केला. असं कार्ड माझ्याकडे नव्हतं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मला तिच्या गळ्यात पडायचं होतं, पण आधी उत्तर देणं भाग होतं, कारण ती उत्तराची वाट पाहत उभी होती. आणि खरं काय सांगणार? डोळे पुसले आणि म्हटलं, "काही नाही वं आई. कांदा चिरून राहिली होती."

आईनं ओट्याकडे पाहिलं. ओट्यावर चहाचं भांडं होतं, साखरेचा डबा होता. सगळा ओटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट पाहून झाल्यावर तिनं काठीवरचा हात घट्ट केला आणि पुन्हा माझ्याकडे वळली.

"कांदा..." ती म्हणाली, "कुठं हाय?"