बाबांचा भत्ता

माझ्या बाबांनी आरा मशीनवरचं काम स्वतःहून सोडलं. सावली गावाच्या रस्त्याला लाकूड कापायची ती मशीन होती आणि माझ्या जन्माआधीपासून बाबा तिथं कामाला होते. ऐंशी सालानंतर त्यांची नजर उतरत गेली. चंद्रपूरला डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा आतून खराब झाला आहे, चष्म्यानं काही व्हायचं नाही. तरी ते जात राहिले. एकदा ओंडका पात्याकडे सरकवताना पलीकडून धरणाऱ्या माणसाचा हात त्यांना दिसलाच नाही. तो ओरडला आणि त्यानं हात ओढून घेतला, म्हणून वाचला. बाबा तसेच मालकाकडे गेले, उद्यापासून येत नाही म्हणाले आणि घरी आले.

"काढलं का तुमाले?" मायनं विचारलं.

"नाई. मीच सोडलं. दुसऱ्याचा हात तोडून का पोट भरू?"

माय तांदूळ निवडत राहिली.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसले होते. शेजारच्या काकांनी बाबांना सांगितलं, रोजगार हमीत काम मागा; पंधरा दिवसांत सरकारनं काम दिलं नाही तर बेकारीचा भत्ता द्यावा लागतो. बाबांना धीर आला. "काम तं कुठीच चालू नाई," ते म्हणाले. "म्हणजे भत्ता भेटंल." आम्ही दोघांनीही काम मागितलं.

पण काम निघालं. नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माती टाकायची होती. बाप-लेक गेलो. बाबांनी माती खणायला टिकास उचलली तशा माती भरणाऱ्या बाया मागं सरकल्या. मुकादम बाबांच्याच वयाचा होता. त्यानं हळूच टिकास काढून घेतली आणि टोपलं दिलं. टोपलं डोक्यावर घेऊन बाबा खड्ड्याच्या काठावरून सरळ आत गेले. लागलं फारसं नाही. मुकादमानं त्यांच्या अंगावरची माती झटकली.

"भाऊ, मी तुमाले नाई ठेवू शकत. माह्यावर येईल."

दुसऱ्या दिवशी मी बाबांना घेऊन तहसीलला गेले. बाबूनं बाबांना बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं.

"भत्ता काम न मिळालेल्याला असतो," तो म्हणाला. "यांना काम दिलं होतं."

"पण दिसत नाई तं करतील कसं?"

"मग ते काम करू शकत नाहीत. जो काम करू शकतो त्यालाच आम्ही काम देतो, आणि नाही दिलं तर भत्ता."

मी म्हटलं, त्यांनी नोकरी सोडली ती डोळ्यांमुळेच. तो म्हणाला, मालकानं काढलं असतं तरी इथं फरक पडला नसता. निराधारांना मदत मिळते, तिथं विचारा, असंही त्यानं सुचवलं. तिथं विचारलं. एका डोळ्याला थोडं दिसतं आणि घरात कमावण्याजोगी मुलगी आहे, म्हणून तेही नियमात बसेना. कोणीच आमच्यावर खेकसलं नाही. खेकसले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

एस.टी.त बाबांनी विचारलं, "त्यानं काय म्हटलं, पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "म्हणजे मी कामाचा नाई, अन् बेकारही नाई."

मी रस्त्याच्या कामावर जात राहिले. बाबा माझ्यासोबत यायचे. मजूर बायांची लेकरं मोहाच्या झाडाला बांधलेल्या झोळ्यांत निजलेली असायची. रडण्याच्या आवाजावरून बाबा कोणती झोळी ते ओळखायचे आणि हलवायचे. पहिल्या आठवड्याच्या मजुरीच्या चुकाऱ्याला ते माझ्यामागं रांगेत उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा मुकादमानं मान खाली घातली आणि मागच्या बाईचं नाव पुकारलं. बाबा तिथंच उभे होते. मी त्यांचा दंड धरून बाजूला घेतलं.

त्यानंतर ते आले नाहीत. सकाळी मी निघताना ओट्यावर बसलेले असायचे. मी "येते बाबा" म्हणायची आणि ते आवाजाच्या दिशेनं मान हलवायचे, कधी कधी जरा चुकीच्या दिशेला.