ग्रीनच्या कडेची रांगोळी

गोल्फवाले शनिवार-रविवारी सकाळी यायचे, बाकी वेळ मैदान मोकळं. म्हणून मॅनेजर साहेबांनी चकतीचा खेळ सुरू केला. काठीने चेंडू मारण्याऐवजी हाताने चकती फेकायची आणि साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत पाडायची. पास काढून कुणीही खेळावं. मी तिथे गवत काढायला होते, मला पासाच्या खोपटात बसवलं. चकत्या द्यायच्या, परत घ्यायच्या आणि प्रत्येकाला एक गोष्ट सांगायची, ग्रीनवर पाय ठेवू नका. ग्रीन म्हणजे गोल्फच्या भोकाभोवतीचं बारीक गवत. तान्ह्या पोराच्या टाळूसारखं जपतात ते.

नेमकं तेच मला जमेना. अनोळखी माणूस समोर आला की माझा आवाज पोटातच राहतो. मी खाली बघून पास द्यायचे आणि लोक सरळ ग्रीन तुडवत जायचे. गोल्फवाल्यांनी तक्रार केली. साहेब म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघतो, नाहीतर हा खेळ बंद."

खेळ बंद म्हणजे माझं खोपट बंद. गवताच्या कामावर माझ्या जागी दुसरी बाई आली होती. मग उरली साजगावची कंपनी. तिथली रात्रपाळी मी केलेली आहे. मी घरात शिरायचे तेव्हा लेक दप्तर घेऊन बाहेर पडत असायची. पुन्हा तसं नको होतं.

बोलता येत नव्हतं, रांगोळी येत होती. शेवटच्या टोपलीजवळ सिमेंटचा रस्ता ग्रीनला लागून जातो, लोक तिथूनच आत घुसायचे. एका सकाळी तिथे मोठी रांगोळी काढली. चकतीवाले थबकले, फोटो काढले आणि वळसा घालून गेले. रांगोळीवर कोण पाय देतं? मी रोज काढू लागले.

शनिवारी गोल्फवाले बॅटरीच्या गाड्यांतून आले. पहिल्या गाडीवर आमच्या शेजारचाच ड्रायव्हर. रांगोळी बघून त्याने गाडी रस्त्याखाली उतरवली, ती थेट ग्रीनच्या कडेवर. मागच्या गाड्याही तशाच गेल्या. ओल्या गवतात चाकोऱ्या उठल्या.

साहेबांनी आम्हां दोघांना बोलावलं.

"अरे, रांगोळीवरून घालायची ना गाडी!"

"रांगोळीवर चाक घालीन व्हय मी, साहेब? आई घरात घेणार नाय."

"आणि ग्रीनवर चालतं?"

तो माझ्याकडे वळला. "वहिनी, तुमी पन ना! तोंडानं सांगायचं सोडून सण मांडून बसल्यात."

साहेबांना हसू आलं. मग ते मला म्हणाले, "ताई, हे काम तुमचं नाही. पासावर दुसरं कुणी बसवतो."

मी फरशीकडे बघत होते. तशीच म्हणाले, "रांगोळी पुसते. उद्या मी तिथं उभी राहते. मी सांगते."

"तुम्ही सांगणार?"

ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, मी भिंतीला भिंत लागून राहतो. वहिनींचा आवाज मी अजून ऐकलेला नाय."

"उद्या ऐका, भावोजी." साहेबांनी मला एक दिवस दिला.

संध्याकाळी लेकीला अंगणात चालायला लावलं आणि तिला थांबवून बघितलं. ती हसून म्हणाली, "आये, एवढ्या हळू तर मी पन थांबनार नाय." मग पुन्हा चालवलं.

रविवारी दुपारी पहिले चौघे आले. एका उंच माणसाची चकती ग्रीनच्या मधोमध पडली. तो निघाला. मी बोलले, त्याला ऐकूच गेलं नाही. त्याने ग्रीनवर टाकायला पाय उचलला.

"साहेब, थांबा! बूट घालून आत नका जाऊ."

चौघेही थांबले. "सॉरी. मग चकती कशी घेऊ?"

मी चपला कडेला काढल्या, अनवाणी आत गेले आणि चकती आणून त्याच्या हातात दिली. "आता इथून, बाहेरून फेका."

त्याने फेकली. साखळ्या वाजल्या, पण चकती बाहेर पडली. तो हसला.

मागे शेजारचा ड्रायव्हर रिकामी गाडी थांबवून बघत होता. मला त्याच्याकडे बघायला सवड नव्हती. रस्त्यावरून पुढची माणसं येत होती. चपला तशाच राहू दिल्या आणि त्यांच्यासमोर गेले.

"असं कडेनं या. ग्रीनवरून नाही."