नावं ठेवील तो आपला

नागपूरला कुणी नावं ठेवली की आमच्या सरांचा चेहरा खुलायचा. उन्हाला शिव्या द्या, धुळीला द्या, रिक्षावाल्यांना द्या, सर खुर्ची पुढे ओढून म्हणत, "हं, अजून?" विद्यापीठात ते समाजशास्त्र शिकवत. एका देशातून दुसऱ्या देशात गेलेली माणसं तिथे कशी वसतात, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. पण अख्खा विभाग त्यांना 'गाऱ्हाणे सर' म्हणे. दर वर्षी नव्या वर्गातल्या एखाद्या भाबड्याला ते आडनावच वाटे. असाच एक जण दारात उभा राहून म्हणाला, "गाऱ्हाणे सर, आत येऊ का?" सर म्हणाले, "ये ना. काही गाऱ्हाणं असेल तर पुढच्या बाकावर बस."

परमुलखातून आलेला माणूस नव्या गावचा झाला, हे ओळखायचं कसं? विभागातले बाकीचे विद्वान यासाठी लांबलचक प्रश्नावल्या काढत. घर स्वतःचं आहे का, भाषा येते का, सोयरीक गावात झाली का. सर त्या वाचायचे आणि चष्मा पुसायला घ्यायचे. ते मूळचे नागपूरजवळच्या कुहीकडचे. वर्गात पुस्तकी मराठी बोलत, पण रंगात आले की कुही बाहेर यायची. "पाहुण्याले भाजी खारट लागली तरी तो वाहवा करते. घरचा माणूस ताट सरकवते. नावं ठेवील तो आपला. बाकी सारं कागदावरचं." विभागप्रमुख एकदा चिडून म्हणाले, "हे संशोधन नाही, या चहाड्या आहेत." सरांनी शांतपणे विचारलं, "मंग समाजशास्त्र दुसरं काय असते गा?"

मी सावनेरची. सरांच्या हाताखाली पीएच.डी. करायला आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या सायकलीमागे माझी सायकल हाकत शहरातल्या जरीपटका वस्तीत पोचले. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं तिथे राहत होती. सिंधी घरात पाऊल टाकलं की आधी पापड आणि पाणी पुढे येतं, मग बोलणं. सरांना रक्तदाब, डॉक्टरांनी पापडावर बंदी घातलेली, आणि पापड नाकारला तर यजमान पुढे बोलेना. तेव्हा सरांच्या वाट्याचे पापड खाणं, हे माझं संशोधनातलं पहिलं काम ठरलं. माझी पदवी पुस्तकांपेक्षा पापडांवर जास्त उभी आहे, हे मी आजही मान्य करते. मी पापड चावत असताना सर घरातल्यांना चिथावत. "इथलं ऊन फार वाईट, नाही?" लोक म्हणत, "नहीं साईं, सब अच्छा है." सर हिरमुसत. बाहेर आल्यावर सायकलीची घंटी उगाच वाजवत म्हणत, "अजून पाहुणेच आहेत बिचारे."

या सगळ्यांत एका अम्मांवर सरांचा फार जीव. अम्मा सिंधमधलं शिकारपूर सोडून आलेल्या. कितीही डिवचलं तरी त्या एकच सांगत, "नागपुर तो बहुत अच्छा है, साईं. लोग अच्छे, पानी अच्छा." आणि मग शिकारपूरच्या गल्लीतल्या हलवायाला मात्र मनसोक्त शिव्या घालत. तो हलवाई साखरेत काय मिसळायचा, ते त्यांना इतक्या वर्षांनीही विसरता येत नव्हतं. सर मला म्हणत, "पाहिलं का वं? देह जरीपटक्यात, भांडण अजून शिकारपुरात."

मग एका मे महिन्यात आम्ही गेलो तर अम्मा दारातच उभ्या. कूलरच्या जाळीत वाळा भरून नुकत्याच निघालेल्या खसवाल्याला ऐकू जावं अशा आवाजात, आमच्याकडे न बघता त्या बोलत होत्या. "हमारे नागपुर का खसवाला एक नंबर का चोर है. कूलर में आधी खस डालता है, आधा कचरा. और गरमी तो देखो, सज़ा है सज़ा!" सर सायकल तिथेच टाकून चौकाकडे धावले. परत आले ते संत्राबर्फीचा डबा घेऊन. पहिला तुकडा त्यांनी स्वतः अम्मांच्या हातावर ठेवला. "किस खुशी में?" अम्मांनी विचारलं. "अम्मा, आज आप नागपुर की हो गईं." अम्मांनी तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "मीठा ज़्यादा है." सरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता.

सरांची एकुलती एक लेक शैला. माझ्याच वयाची. तिच्याइतकं नागपूरला नावं ठेवणारं माणूस मी पाहिलं नाही. "बाबा, आपण गावात नाही, भट्टीत राहून राहिलो," असं म्हणत ती ओला टॉवेल डोक्यावर घेऊन घरभर फिरायची. सरांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, बेसनाच्या पातोडीच्या रश्श्यात रोज काहीतरी कमी असायचं. ती बडबडू लागली की सर कौतुकाने बघत. "अस्सल आहे," म्हणत.

शैला शिकायला अमेरिकेला गेली. दोन वर्षांत येते म्हणाली, मग नोकरी लागली, मग लग्न, मग मुलगी. सरांनी तिच्यासाठी गच्चीवर खोली बांधली. कूलरसाठी मोठी खिडकी ठेवली आणि भाडेकरू आले की हाकलून लावले. "सिंधला परत जाणार" म्हणणाऱ्या किती कुटुंबांना त्यांनी गालात हसून पाहिलं होतं. पण स्वतःच्या लेकीच्या बाबतीत त्यांनी आपलं शास्त्र उलटं करून घट्ट धरून ठेवलं. ट्रंक कॉल लागला की पलीकडून शैला ओरडायची, "इथं सगळं छान आहे, बाबा!" फोन ठेवून सर काकूंकडे विजयी मुद्रेने बघत. "छान म्हणते. म्हणजे पाहुणीच आहे तिथं. येईल." काकू म्हणायच्या, "तुमचं शास्त्र जरीपटक्यातच ठेवा." आणि डोळे पुसायला स्वयंपाकघरात जायच्या. मला सरांचा राग यायचा आणि दयाही यायची.

शेवटी शैला आली. महिनाभरासाठी, मुलीला घेऊन. सरांनी मला जेवायला बोलावलं. वर खोलीत नवा कूलर बसवला होता, खस सरांनी स्वतः निवडून आणली होती. ताटात वडाभात, पातोडीचा रस्सा. शैलाने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "आई, किती छान झालंय." रश्श्यालाही छान म्हणाली. बाहेर ऊन रणरणत होतं, तर म्हणाली, "ऊनसुद्धा किती छान वाटतं." काकूंचा हात वाढता वाढता थांबला. मी सरांकडे बघायचं टाळलं.

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तिकडे थंडी फार असते ना?" आणि शैला उसळली. सगळी जुनी शैला एका क्षणात परत आली. "थंडीचं सोड वं! तो बर्फ सारणारा गाडीवाला आहे ना आमच्या गावात, मेला रस्ता साफ करते अन् सारा ढीग माझ्याच फाटकापुढं लावून जाते. मी त्याले सोडत नसतो म्हटलं. आणि आमचा शेजारी! त्याचा कुत्रा..." ती बोलत राहिली. हातवारे तेच, चढलेला आवाज तोच. फक्त 'आमचं गाव' दुसरं होतं.

सरांनी एरवी खुर्ची पुढे ओढून "हं, अजून?" म्हटलं असतं. त्या दिवशी त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हात धुतले, चपला घातल्या आणि भर उन्हात बाहेर पडले. "हे कुठे निघाले?" शैलाने विचारलं.  काकू पदराने नुसतं ताटाभोवतीचं पाणी पुसत बसल्या. मला मात्र ठाऊक होतं.

सर आले. घामाने सदरा अंगाला चिकटला होता. हातात संत्राबर्फीचा डबा. त्यांनी दोरा सोडला आणि पहिला तुकडा स्वतः लेकीच्या हातावर ठेवला.

"कशाबद्दल हो, बाबा?"

"काही नाही. खा."

शैलाने तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाली, "किती छान आहे."